चिकटपट्टीचा एक वेढा

स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मोटरच्या दांडीवरून तिसऱ्यांदा फिरला, काळा लेप सुटला आणि गुरुबसप्पांचा हात तिथंच थांबला. बोटाच्या पेरापेक्षाही लहान ती पितळी दांडी. तिच्यावर, रबरी चाक जिथं टेकतं नेमक्या त्या जागी, कापडी चिकटपट्टीचा एक वेढा होता. जखमेवर लावतात ती. कधीकाळी पांढरी असलेली, आता चहाच्या चोथ्याच्या रंगाची. तिचं टोक तिरपं कापलेलं होतं. ते त्यांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. टोक तिरपं कापायची सवय त्यांची स्वतःची. फुटक्या पाटीची चौकट बांधताना, पुस्तकाची पाठ चिकटवताना ते असंच कापत. तिरपं टोक लवकर उकलत नाही, हे त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवलं होतं. खाली लातूरच्या रस्त्यावर शिकवणीचा एक वर्ग सुटला होता. सायकली, स्कुट्या, पोरांची हाकाटी. दुसऱ्या मजल्यावरच्या या गॅलरीत तो गलका रोज संध्याकाळी वर येई आणि त्यांना बरा वाटे. आज तो एकदम लांब गेला. शर्टाच्या आत गळ्यातलं इष्टलिंग एका बाजूला सरकलं होतं. ते त्यांनी नकळत मुठीत धरलं. हा वेढा आपण लावला. कधी, ते लगेच आठवेना. आणि आठवेना म्हणून क्षणभर बरं वाटलं, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

ही मोटर ज्या डब्यातली, तो डबा जळकोटच्या पुढच्या एका जिल्हा परिषद शाळेतला होता. गुरुबसप्पांनी तिथं अकरा वर्षं काढली होती. निळ्या रंगाची, हाताला धरून न्यायची पेटी. झाकण उघडलं की त्यातच स्पीकर, खाली फिरती थाळी, सहा सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर. बाजूला पांढऱ्या रंगात शाळेचं नाव आणि डेडस्टॉक वहीतला नंबर एक्केचाळीस, तोही त्यांच्याच अक्षरात. यंदा उन्हाळ्यात जुन्या सामानाचं निर्लेखन निघालं, मोडके बाक आणि गंजलेल्या पेट्या भंगारात गेल्या, तेव्हा आत्ताचे हेडमास्तर दयानंद यांनी हा डबा बाजूला काढून ठेवला. दयानंद त्यांचाच विद्यार्थी. "सर, सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला ह्याच्यावर गाणं वाजलं पाहिजे," असं म्हणून तो स्वतः लातूरला डबा पोचवून गेला. "तुम्ही लावायचं, पोरं गाणार. आमच्यासारखंच." त्या दिवसापासून तीन महिने गुरुबसप्पांनी दुसरं काही केलं नव्हतं. बुरशी धरलेलं कापड खरवडून काढलं. स्पीकरचा फाटका कागद पतंगाच्या कागदाचं ठिगळ आणि डिंक लावून सांधला. फुगलेले कंडेन्सर बदलले. सुईमागचा स्फटिक दमटपणानं विरघळून मिठासारखा झाला होता, त्याच्या जागी दुसरा बसवला. रबरी चाक दगडासारखं कडक झालेलं. ते घेऊन नांदेडला वजिराबादेत गेले, छापखान्याच्या रुळांवर रबर चढवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं. म्हातारा म्हणाला, एवढंसं काम करायला मशीन सुरू करणं परवडत न्हाई. आणि मग गुरुबसप्पांचं तोंड बघून त्यानं ते करून दिलं. या सगळ्या दिवसांत मन स्वच्छ होतं. एखादं मूल अक्षर गिरवायला शिकतं तसा डबा रोज थोडा थोडा बोलू लागला होता. फक्त दांडी साफ करायची तेवढी राहिली होती.

चाक गुळगुळीत होऊन घसरायला लागलं होतं, म्हणून लावली होती ती पट्टी. हे आता आठवलं. शाळेच्या प्रथमोपचार पेटीतली. ऑगस्टचा महिना, साल शहाऐंशी. थाळी फिरता फिरता दमल्यासारखी थांबायची, गाणं रडकं व्हायचं आणि पोरं हसायची. दांडीला जरा पकड यावी म्हणून एक वेढा दिला, थाळी धावायला लागली, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्यांना स्वच्छ आठवल्या. त्या टाळ्यांच्या मागं आणखी काहीतरी उभं होतं. ते पुढं येत नव्हतं, पण जातही नव्हतं. दांडी जाड झाली की चाक जोरात फिरणार, चाक जोरात फिरलं की थाळी. चौथीच्या पोराला कळेल असं गणित. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी पट्टी तशीच ठेवून थाळी बसवली, काठावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि बायकोला हाक मारली.

"अवो, भाकरी तव्यावर हाय," शांतम्मा दारात येऊन म्हणाल्या. "काय करून राहिलाव तुम्ही सकाळधरनं?"

"एक मिनिट. ही चिठ्ठी किती वेळा फिरती, तेवढं मोज. मी घड्याळ बघतो."

"मास्तरकी सुटून सोळा वर्षं झाली, अजून मला पहिलीत बसवताव," असं म्हणत त्या खाली बसल्या आणि जप मोजावा तशा बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. मिनिट झालं. "सदतीस."

"नीट मोजलीस?"

"दोन लेकरं अन् एक तुम्ही, तिघांना वाढवलं. सदतीसपर्यंत येतंय मला."

त्यांनी थाळी काढली. ब्लेडच्या टोकानं तिरपं टोक उचललं. एवढ्या वर्षांनी पट्टी एका तुकड्यात निघाली, तिच्या आतल्या बाजूला दांडीची चमक उमटली होती. पुन्हा थाळी, पुन्हा चिठ्ठी. शांतम्मांनी यावेळी न कुरकुरता पेरं मोजली. नवऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. "तेहतीस," त्या म्हणाल्या, "अन् वर थोडं." तेहतीस आणि एक तृतीयांश. तबकडीवर छापलेलं असतं तेवढं, बरोबर. गुरुबसप्पा उठले, कपाटावरची हार्मोनियमची पेटी खाली घेतली, तिच्यावरची धूळ पुसली. त्या पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर शाईचा एक ठिपका होता. गाणं इथून सुरू होतं, म्हणून त्यांनीच तो कधी दिला होता, डब्यावरचं ऐकून. आता त्यांनी डब्याबरोबर आलेल्या शाळेच्या जुन्या तबकडीवर सुई टेकवली. तेच समूहगीत, शेताचं आणि मातीचं. बायकांचा आणि मुलांचा आवाज, पण त्यांना माहीत होता त्यापेक्षा पोक्त, निवांत. घाई गेली होती त्यातली. त्यांनी भात्याला हात घालून पट्ट्या दाबून पाहिल्या. ठिपक्याची पट्टी जुळेना. तिच्या आधीची, एक सूर खालची, पहिली काळी, जुळली. आणि मग जे मागं उभं होतं ते पुढं आलं. लाल रिबिनी, तेल लावून चापून बसवलेले केस, एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर धरायची लकब. महादेवी. मडिवाळप्पाची.

चौथीत होती. तिचा बाप लग्नाला, उरुसाला लाऊडस्पीकर लावायचा. दोन कर्णे, एक मशीन आणि तबकड्यांनी भरलेली पत्र्याची ट्रंक. महादेवी त्या ट्रंकेवर झोपून वाढलेली. आवाज तिचा भरलेला, जमिनीतून आल्यासारखा. पण समूहगीतात ती सगळ्यांच्या खाली उतरायची. डब्यावर गाणं लागलं की पन्नास पोरं वर, आणि ही एकटी खाली, ठाम. आणि ती वरची ओळ, जिथं गाणं चढत जातं, तिथं बाकीच्यांचे आवाज फाटायचे, हिचा नाही. गुरुबसप्पांनी तिला चार दिवस जवळ बसवून पेटीवर सूर दिला. शाईच्या ठिपक्यावर बोट ठेवून. ते कधी रागावत नसत. जिल्ह्यात त्यांचं नाव होतं ते त्यासाठी; शिकाऊ मास्तरांना ते सांगत, गाणाऱ्या पोराकडं टक लावून बघू नका, ते लाजून थांबतं, खिडकीबाहेर बघा आणि कान तेवढा तिकडं ठेवा. चौथ्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली होती, "सर, आमच्या घरी हे गाणं एवढं वर न्हाई जात." वर्ग हसला. आणि ते, न रागावता, मायेनं म्हणाले होते, "बाळ, मशीन खोटं बोलत नसतं."

भाकरी ताटात येऊन निवली. शांतम्मांनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. शेवट असा होता, की झेंड्याच्या आदल्या दिवशी, विस्तार अधिकारी येणार म्हणून, त्यांनी महादेवीला व्हरांड्यात बोलावलं. तिला ओळीतून काढायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पोर खट्टू होईल म्हणून. तिच्या डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "तू उभी राहा बरं का सगळ्यांबरोबर. फक्त ओठ हलव. आवाज काढू नको." तिनं मान डोलावली होती. हे सांगताना त्यांना स्वतःच्या तळव्याला त्या तेलकट केसांचा स्पर्श जाणवला, इतका की त्यांनी हात मांडीला पुसला.

"अवो, अडतीस वर्षं झाली," शांतम्मा म्हणाल्या. "पट्टी काढलाव न्हवं? आता गप बसा. कुणाला कळतंय?"

कुणाला कळतंय, हे खरं होतं. आणि तेच रात्रंदिवस त्यांना टोचत राहिलं. कारण शेवट तिथं नव्हताच. शेवट त्याच संध्याकाळी होता आणि तो त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता. पारावर चारचौघं बसलेली असताना मडिवाळप्पा त्यांच्याजवळ आला होता, टोपी हातात घेऊन. "शरणार्थ, सर. एक बोलू का? तुमचा डबा जरा पळतोय बघा." एवढंच म्हणाला तो. लेकीचं नावही काढलं नाही. आणि गुरुबसप्पा म्हणाले, "मडिवाळप्पा, हा सरकारी डबा हाय, लग्नातला न्हाई." लोक हसले. मडिवाळप्पाही हसला, टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. त्यानंतर शाळेत परत येऊन आपण डब्यापाशी बसलो होतो. कंदील होता. थाळीवर हात ठेवला होता. थाळीचा थंडपणा, मधल्या खुंटीचं टोक तळव्याला लागलेलं. उचलली असती तर पट्टी दिसली असती, महिन्यापूर्वीच तर लावली होती. उचलली नाही. तेव्हा पट्टी आठवली नव्हती, की आठवू दिली नव्हती? ते पुन्हा पुन्हा त्या कंदिलापाशी जात आणि हात थाळीवर असतानाच आठवण संपे. शिकवणं म्हणजे मुलाची चूक मुलाच्या आधी बघणं, असं त्यांना वाटत आलं होतं. आपली चूक कोण बघणार, हा प्रश्न कधी वर्गात आलाच नव्हता. एका पोरीनं आणि तिच्या बापानं ती बघितली होती, आणि दोघांनाही त्यांनी न रागावता घरी पाठवलं होतं.

त्यांनी दयानंदला फोन केला. डबा सुरू झाला म्हणून सांगितलं, आणि मग, चष्मा पुसत, "ती मडिवाळप्पाची महादेवी कुठं असती रे?"

"महादेवीताई? शाळेतच हायत की सर. पोषण आहार त्याच शिजवतात. नवरा गेल्यावर माहेरीच राहतात, दहा वर्षं झाली असतील."

"गाते का ती?"

दयानंद हसला. "त्या? न्हाई हो सर. बोलतात हेच लई झालं."

सतरा तारखेला पहाटेच्या बसनं ते निघाले. डबा मांडीवर, पट्टी वहीच्या कागदावर चिकटवून वरच्या खिशात. अहमदपूरला बस बराच वेळ थांबली; स्टँडवर शाळेच्या गणवेशातली पोरं कागदी झेंडे घेऊन पळत होती, शेजारच्या बाईनं विचारलं, "बाबा, शिलाई मशीन हाय का?" ते म्हणाले, "न्हाई, गाण्याचं हाय," आणि तिनं आदरानं पाय बाजूला घेतले. जळकोटनंतर सोयाबीन पिवळं पडू लागलेलं दिसलं. प्रत्येक खड्ड्याला थाळी आतल्या आत खडखडे आणि त्यांच्या गुडघ्यांत तो आवाज उतरे. काय बोलायचं, ते त्यांनी मनात नीट लिहून काढलं होतं, पाठाच्या टाचणासारखं. आधी विचारपूस, मग मडिवाळप्पाची आठवण, मग पट्टी. शाळेच्या फाटकापाशी दयानंदनं पाया पडून डबा हातातून घेतला, आणि टाचण तिथंच संपलं, कारण व्हरांड्याच्या टोकाला, पत्र्याच्या स्वयंपाकखोलीच्या दारात, मोठ्या कढईत रवा भाजत ती उभी होती आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर धरून क्षणभर विसावा घेत होती.

"ओळखलंस का, महादेवी?"

"ओळखलं की सर." ती पदर सावरून वाकली. "बसा. शिरा करून राहिले पोरांना."

ते बसले नाहीत. खिशातून कागद काढला आणि तिच्यापुढं धरला. विचारपूस राहून गेली. डब्याच्या दांडीवर ही पट्टी आपण लावली होती, तिच्यामुळं गाणं पळत होतं, वर जात होतं, तू गात होतीस ते बरोबर होतं. असं सगळं ते एका दमात बोलले, पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखं. मडिवाळप्पांनी मला सांगितलं होतं, हेही बोलले. मी चारचौघांत त्यांची थट्टा केली. महादेवीनं कागद हातात घेतला नाही. उलथणं चालवत, मान तिरकी करून, तुरीत खडा आहे का बघावा तसं तिनं त्या पट्टीकडं पाहिलं.

"आम्हाला ठावं होतं, सर," ती म्हणाली. "आप्पांना पण ठावं होतं. तुम्हालाच न्हवतं."

रव्याचा खमंग वास, धूर. बाहेर पोरं रांगा करत होती. इतके दिवस त्यांना वाटत होतं, की आपल्या खिशात तिची काहीतरी वस्तू आहे आणि ती परत करायची आहे. ती वस्तू तिच्याकडं होतीच. पहिल्यापासून.

"तुम्ही मारलं असतं तर बरं झालं असतं," ती पुढं म्हणाली, आवाज न चढवता. "मारलेलं इसरून जातंय लेकरू. तुम्ही डोक्यावरून हात फिरवलाव. मग मला वाटलं, सरांचंच बराबर असंल. घरी आप्पांचं मशीन, शाळेत तुमचं. दोन्ही कानांत दोन गाणी. कुठलं खरं, ते कळंना, म्हणून सोडलं गाणं. आता प्रार्थनेला मागं उभी राहते, ओठ हलवते. माझ्या लेकरांना पाळण्यात सासूनं गाऊन निजवलं." तिनं कढईत गरम पाणी ओतलं. मोठा चर्र आवाज झाला आणि वाफेत ती दिसेनाशी झाली. वाफेतून म्हणाली, "जावा सर, झेंड्याला उशीर होतोय. शिरा लागंल खाली."

झेंडा झाला. दयानंदनं गुरुबसप्पांना बोलायला उभं केलं. समोर साठ-सत्तर मुलं मातीवर बसलेली, मागच्या ओळीत ग्रामस्थ. त्यांनी डबा दाखवला, थाळी काढून दाखवली, चाक कसं फिरतं ते दाखवलं; मुलं गुडघ्यांवर उठून बघू लागली. मग कागद वर धरला. "ही पट्टी माझ्या हातची. हिच्यामुळं गाणं चुकीचं वाजत होतं. एक मुलगी बरोबर गात होती. तिनं मला सांगितलं, तिच्या वडिलांनी सांगितलं. मी मशीनचं ऐकलं, त्यांचं ऐकलं नाही. तिला म्हणालो, आवाज काढू नको. तेव्हा मला वाटलं होतं की मी चांगला मास्तर आहे." मागच्या ओळीत एक म्हातारा खाकरला. पुढच्या ओळीतली एक पोरगी हात वर करून उभी राहिली.

"सर, मग तुम्ही तिला सॉरी म्हणलाव का?"

"म्हणायला गेलो होतो."

"मग ती काय म्हणली?"

"म्हणाली, शिरा लागेल खाली."

मुलं खो खो हसली. दयानंद हसला नाही. त्यानं एकदा स्वयंपाकखोलीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. गुरुबसप्पांनी सुई टेकवली. मुलांनी हे गाणं मोबाइलवर ऐकून बसवलं होतं, त्यांना ते मूळच्याच सुरात ठाऊक होतं. मुलं त्याच सुरात गायली. वरची ओळ आली, चढली, एकाचाही आवाज फाटला नाही. ते इतकं सोपं होतं. डोळे मिटून ऐकताना त्यांना शहाऐंशी सालची ती पन्नास पोरं आठवली, मानेच्या शिरा ताणून वरच्या ओळीशी झटणारी, आणि दरवेळी आपण 'पुन्हा' म्हटलेलं.

गाणं संपलं तशी रांग मोडली. मुलं ताटल्या घेऊन स्वयंपाकखोलीच्या दाराशी गेली, ग्रामस्थ चहाला वळले. "चालू राहू द्या की सर, छान वाटतंय," दयानंद जाता जाता म्हणाला. त्यांनी सुई पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली आणि व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसले, दाराकडं पाठ करून. समोर रिकामं मैदान, चुन्याच्या रेघा, झेंड्याची दोरी खांबाला लागून टकटक वाजत होती. मागं ताटल्यांचा आवाज, उलथण्याचा आवाज, "रांगेत या रे" म्हणणारा तिचा आवाज. मग रांग संपली असावी. तबकडीवरचं गाणं दुसऱ्या कडव्याला आलं, आणि त्याच्या खालून, अगदी खालून, आणखी एक आवाज येतो आहे असं त्यांना वाटलं. गुणगुणल्यासारखा. जाड, जमिनीला धरून, वापरात नसलेल्या दाराच्या कडीसारखा अडखळत. वरची ओळ आली तेव्हा तो थांबला. थाळी फिरत होती, तेहतीस आणि वर थोडं. मग ओळ पुन्हा आली, आणि यावेळी तो तिच्याबरोबर चढला.

गुरुबसप्पांनी मान हलू दिली नाही. त्यांनी मैदानापलीकडच्या बाभळीवर नजर ठेवली आणि कान तेवढा मागं ठेवला. तिचे ओठ हलत होते की नाही, हे पाहायला ते वळले नाहीत.